सव्वाशे माणसं, एकही तीळ नाही

"मुलगी काय करते हल्ली?" असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरायचं. प्रश्नात वाईट काही नव्हतं, उत्तर द्यायचीच पंचाईत होती. शिंप्याची मुलगी दवाखान्यात नर्स आहे, विषय संपला. किराणावाल्याचा मुलगा बँकेत आहे, विषय संपला. आमची भिंगरी काय करते? तर मागच्या खोलीत बसून लोकांच्या अंगावरचे डाग मोजते. आता हे चारचौघांत सांगायचं कसं?

"मोजत नाही हो बाबा," ती म्हणायची. "त्यांच्याभोवती रेघ काढते."

"हो का! मग तर फारच मोठं काम."

भिंगरी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिच्या आईनं ठेवलेलं. आणि आता तीच पोरगी दोन वर्षं दिवसाचे आठ-आठ तास खुर्चीला चिकटून बसत होती. काम समजून घ्यायला मला सहा महिने लागले, म्हणजे मी सहा महिने ऐकूनच घेत नव्हतो. लांबच्या कुठल्याशा कंपनीकडून तिच्याकडे माणसांच्या कातडीचे फोटो यायचे. गाल, मान, पाठ, हात. त्यातला प्रत्येक तीळ, चामखीळ, वांग, भाजल्याची खूण हुडकायची, माउसनं तिच्याभोवती रेघ ओढायची आणि शेजारी नाव लिहायचं. असे लाखभर फोटो पाहून काँप्युटर शिकतो म्हणे, की साधा तीळ कुठला आणि ताबडतोब डॉक्टरला दाखवायला हवा असा कुठला. जिथं कातडीचा डॉक्टर मैलोन् मैल नाही, तिथल्या लोकांसाठी.

काम चांगलं होतं, नाही कशाला म्हणू? पण माझा जन्म गेला नेमकं उलटं काम करण्यात.

मी फोटोग्राफर. पुढे स्टुडिओ, मागे घर. चाळीस वर्षं मी लोकांचे डाग घालवत आलोय. आधी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवायचो, मग प्रिंटवर ब्रश आला, आणि आता काँप्युटर. आमच्या धंद्यात त्याला टचिंग म्हणतात. माझ्याकडचं टचिंग असं की गिऱ्हाईक पायऱ्या चढताना पन्नास वर्षांचं असतं आणि फोटो घेऊन उतरताना चाळिशीचं. उगाच नाही बाजूचे दोन स्टुडिओ बंद पडले आणि माझा या मोबाइलच्या दिवसांतही तग धरून आहे. असो, स्वतःची आरती पुरे.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भिंगरीच्या डाव्या गालावर जन्मापासून मोठा डाग आहे. डोळ्याच्या कडेपासून जबड्यापर्यंत, तांबडा-जांभळा. दुखत नाही, खुपत नाही, नुसता आहे. ती वर्षाची झाली तेव्हा मी तिला मांडीवर घेऊन काउंटरमागे बसलो होतो. फोटो न्यायला आलेली एक बाई तिच्याकडे बघून "अरेरे, मुलीची जात, आणि तोंडावरच!" असं म्हणाली. मी त्या बाईचे फोटो तिच्या अंगावर फेकले. आणि त्याच दुपारी वाढदिवसाच्या फोटोतला पोरीचा गाल ब्रशनं साफ केला. तिथून पुढे सगळे फोटो तसेच. शाळेचे, सहलीचे, कॉलेजचे. तिची आई एकदाच म्हणाली, "अहो, ही आपली वाटत नाही." मी तिला सांगितलं, तुला यातलं काही कळत नाही.

तर माझी खात्री होती की भिंगरीनं हे घरबसल्याचं काम धरलंय ते तोंड लपवायला. लोकांत जायला नको, कोणी बघायला नको. तिला मी तसं कधी बोललो नाही. पण आतून जीव तुटायचा. पोरगी हुशार, बोलायला फटकळ, आणि चोवीस वर्षांची होऊन मागच्या खोलीत दार लावून बसते! म्हणून मी हातापाया पडून तिच्यासाठी नोकरी बघितली. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात. तिथले मोठे बाबू माझे जुने गिऱ्हाईक. टेबल, खुर्ची, खिडकी, दुपारी जेवायची सुट्टी, सोबत चार बायका. पहिल्या तारखेला हजर व्हायचं, एवढंच बाकी होतं.

"मला माझं काम आवडतं," भिंगरी म्हणाली.

"त्याला काम म्हणतात? साहेब कुठाय तुझा? ऑफिस कुठाय?"

"साहेब दिसला नाही की काम खोटं का? तुम्हाला तरी कुठं साहेब आहे?"

"माझी गोष्ट वेगळी."

"बाबा, मला काही हे सोन्याचं वाटत नाही. डोळे दुखतात. एखादा आठवडा काम येतच नाही. शिंप्याच्या मुलानं पंधरा दिवसांत सोडलं, म्हणाला शाबास म्हणायला कोणी नाही. उद्या हे कामसुद्धा मशीनच करेल, तेही माहीत आहे मला. तेव्हा दुसरं शिकेन. तुम्ही नाही का शिकलात? डार्करूम बंद केली तेव्हा दोन दिवस जेवला नव्हतात."

ही पोरं आपलंच सगळं लक्षात ठेवून आपल्याच अंगावर टाकतात. 

मग तिनं सौदा मांडला. तिच्या कंपनीत तिला कायमची जागा मिळणार होती, हाताखाली पाच जण, कामाची जबाबदारी तिची. फक्त त्याआधी एक परीक्षा. सव्वाशे माणसांचे चेहऱ्यांचे फोटो जमवायचे, सगळ्या वयांच्या, सगळ्या रंगांच्या, प्रत्येकाची सही घेऊन. महिनाअखेरीच्या आत. "जमलं नाही तर पहिल्या तारखेला मुकाट्यानं पाणीपुरवठ्यात जाते. जमलं तर तुम्ही पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"कबूल."

"आणि फोटो तुम्ही काढायचे. तुमच्यासारखा हात कोणाचा आहे?"

झालं! मी विरघळलो. माझ्याच विरुद्धच्या पैजेत मीच फोटो काढायला तयार झालो. तिची आई आतून हसल्याचा आवाज आला.

तिनं मला नीट बजावलं होतं, ते मी नाकारत नाही. "पावडर नाही, टचिंग नाही. जसे आहेत तसे काढा." पण हेच तर आमच्या धंद्यातलं मोठं फसवं वाक्य आहे हो! चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाईक मला हेच सांगत आलंय. "जसा आहे तसाच काढा बरं का, उगाच नटवू नका." आणि खरोखर तसाच काढला तर दुसऱ्या दिवशी येऊन भांडतं, की हा मी आहे का? म्हणून "जसे आहेत तसे" कानावर पडलं की आमचा हात काय करायचं ते आपोआप करतो. भिंगरी पहिल्या दिवशी माझ्याजवळ होती. वीस फोटो तिनं पाहिले, खूश झाली. पुढचे तीन दिवस ती माणसं गोळा करत हिंडली, घरोघर जाऊन समजावत, सह्या घेत. माणसं येत गेली, मी काढत गेलो. न्हावी, धोबी, दोन मास्तरीणबाई, भाजीवाली, तिची सासू. आणि रोज संध्याकाळी काँप्युटरवर बसून मी एकेकाला साफ केलं. पहिल्या वीस जणांनासुद्धा. पोरीची परीक्षा, तिच्या नावानं माझ्या स्टुडिओतून बेंगरूळ फोटो जाणार? शक्य नाही. न्हाव्याच्या नाकाशेजारी वाटाण्याएवढी चामखीळ आहे, ती काढायला मला अर्धा तास लागला. काय देखणा दिसला गडी! मूळ फोटो मी नेहमीसारखे पुसून टाकले, जागा अडते म्हणून.

वडिलांनी काढलेले फोटो, त्यात तपासायचं काय? भिंगरीनं ते तसेच पाठवले.

उत्तर सोमवारी सकाळी आलं. मी स्टुडिओत पडद्याची धूळ झटकत होतो. ती दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, फोटोंना हात लावलात?"

"हात असा नाही. थोडंसं इकडंतिकडं."

"न्हावीकाकांची चामखीळ कुठाय?"

"काढली!" मी मूर्खासारखा अभिमानानं म्हणालो. "शोधून दाखव कुठं होती ते."

ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि मोबाइलवरचं उत्तर मला वाचून दाखवलं. सव्वाशे माणसांत एकही तीळ नाही, एक वांग नाही, एका म्हाताऱ्या बाईच्या गालावरही सुरकुती नाही. हे चेहरे खरे आहेत असं आम्हाला वाटत नाही. गुरुवारपर्यंत निदान साठ लोकांचे खरे फोटो आले तर विचार करू, नाहीतर ही जबाबदारी दुसऱ्या कोणाला देऊ.

 मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मला पाणीपुरवठ्यात पाठवायचं म्हणून केलंत?" तिनं विचारलं.

"नाही गं. तुझ्या गळ्याची शपथ. चांगलं दिसावं म्हणून केलं."

"माहीत आहे मला." तिचे डोळे भरून आले. "मुद्दाम केलं असतंत तर बरं झालं असतं. भांडले तरी असते. तुम्हाला डाग दिसला की राहवतच नाही, बाबा. त्याला मी काय करू?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण चूक उघडी पडली की मी जास्तच चिडतो, ही खोड जुनी आहे.

"आणि तू काय करतेस? तूपण तोंड लपवूनच बसली आहेस ना त्या खोलीत?"

बोललो आणि जीभ चावली. दोन वर्षं गिळून ठेवलेलं वाक्य, नको त्या वेळी बाहेर पडलं. भिंगरी उठली. मला वाटलं आता निघून जाणार. तिनं माझं मनगट धरलं आणि मला ओढत मागच्या खोलीत नेलं, दाराशी उभं केलं आणि म्हणाली, "इथंच थांबा. बोलू नका."

तिची रोजची मीटिंग सुरू व्हायची होती. ती खोली मी दोन वर्षांत नीट पाहिली नव्हती. टेबल खिडकीला लावलेलं, आणि खिडकी तिच्या डाव्या हाताला. सगळा उजेड त्या गालावर. काँप्युटरच्या पडद्यावर एकेक चौकोन उघडत गेला, चौदा चेहरे, आणि मधल्या चौकोनात माझी मुलगी. डागासकट. केस मागे बांधलेले.

"चूक माझी आहे," ती त्यांना म्हणाली. "फोटो मी न तपासता पाठवले. गुरुवारी साठ देते."

वडिलांनी घोळ घातला, असं ती बोलली नाही. कोणी काही विचारलं, तिनं सांगितलं. एक मुलगा म्हणाला, "तुमच्या गल्लीत राहायला यायला पाहिजे, सगळेच देखणे आहेत," आणि सगळे हसले, तीही हसली. ते खळखळून हसणं मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. मग पाच मिनिटं ती कामाचं बोलत होती, कोणाला काय जमलं नाही, कोणी काय करायचं. पाणीपुरवठ्याचे मोठे बाबूसुद्धा असं बोलत नाहीत.

मीटिंग संपल्यावर ती माझ्याकडे वळली. "दोन वर्षं रोज मी यांच्यासमोर अशी बसते. पहिल्या आठवड्यात एकीनं विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, जन्मापासून आहे. ती म्हणाली बरं, आणि आम्ही कामाला लागलो. लपायचंच असतं तर कॅमेरा बंद ठेवता येतो, बाबा. फक्त एक बटण आहे."

मी पडद्यावरच्या त्या बटणाकडे बघितलं.

"लपवलं तुम्ही," ती हळू म्हणाली. आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. "घरात माझे एवढे फोटो आहेत. त्यातली एकही मी नाही. लहानपणी मला वाटायचं, बाबांना ती दुसरीच मुलगी हवी होती."

कोणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. मी तिथंच पलंगावर बसलो. मला तिला सांगायचं होतं, की त्या बाईनं अरेरे म्हटलं ते मला सोसलं नाही गं, माझ्या हातात ब्रश होता, दुसरं काही करता येत नव्हतं मला. सांगितलंही, पण अर्धंमुर्धं. ती शेजारी येऊन बसली. तिची आई दारात उभी होती, पदरानं डोळे टिपत. "चला, उठा आता," ती म्हणाली. "गुरुवारला तीन दिवस आहेत. रडायला नंतर बसू."

दुसऱ्या दिवशी पुन्हा माणसं बोलावली. या खेपेला लाइटवरची छत्री नाही, फ्लॅश नाही, दोन्ही लाइट गुंडाळून ठेवले. खिडकीचा उजेड आणि मी. पण माणसं बसायला तयार होईनात. आधीचे फोटो मी त्यांना हौसेनं दाखवून बसलो होतो ना! भाजीवाली म्हणाली, "मागच्या वेळचाच छान होता, तोच द्या की." मास्तरीणबाई पर्समधून पावडरचा डबा काढून बसल्या. न्हावी तर हटूनच बसला, "चामखीळ गेली म्हणून मी घरी सगळ्यांना दाखवून आलो, आता परत आणू होय?" मी समजावतोय, माझाच घसा बसतोय, कोणी ऐकेना. आणि ऐकणार तरी कसं? चाळीस वर्षं यांना सवय लावली कोणी?

भिंगरी सगळं बघत होती. तिनं तोंड धुतलं, टॉवेलनं पुसलं, आणि सगळ्यांच्या देखत स्टुलावर जाऊन बसली. डावा गाल खिडकीकडे.

"पहिला नंबर माझा," ती म्हणाली. "काढा बाबा."

 या सगळ्यांनी तिला लहानाची मोठी होताना पाहिलंय, पण त्या गालाकडे सरळ कोणी पाहत नसे, नजर बाजूला काढायचे. आता ती स्वतःच बघा म्हणत होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी तो डाग कुठून पुसायला घ्यावा याचा विचार न करता पाहिला. कडेला फिका होत जातो. डोळ्याजवळ त्याचे दोन बारीक धागे आहेत, हसली की ते वर सरकतात. हे मला माहीतच नव्हतं. बापाला माहीत नव्हतं! मी बटण दाबलं.

ती उठली. भाजीवालीनं पावडरचा डबा मास्तरीणबाईंच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "ठेवा तो. पोरगी बसली ना? मग तुम्हाला काय धाड भरलीय?" आणि स्वतः जाऊन बसली. तिच्यामागून न्हावी. "घ्या, चामखिळीचाच जवळून घ्या," तो म्हणाला. त्या दिवशी एकोणीस झाले, बुधवारी दुपारपर्यंत बाकीचे. एकही फोटो मी काँप्युटरवर उघडला नाही. हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू. तिची आई मागे खुर्ची टाकून पहाऱ्याला बसली होती.

गुरुवारी सकाळी फोटो गेले. शनिवारी मी आणि तिची आई भाजी निवडत बसलो होतो, दोघांचं लक्ष मागच्या खोलीच्या दाराकडे. भिंगरी बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"एकोणसाठ पास," ती म्हणाली. "एक परत आलाय."

"आता कोणाचा?" मी विचारलं. "मी काहीएक केलेलं नाही, आईला विचार! म्हणजे जागा गेली?"

"जागा मिळाली, बाबा. सोमवारपासून पाच जण माझ्याकडे आहेत." तिची आई भाजी तशीच टाकून तिला बिलगली. भिंगरी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली. "परत आला तो पहिल्या नंबरचा. माझा. तेवढा नव्यानं काढून पाठवायचाय."

"का? त्यात काय वाईट होतं?"

"हललाय."

माझा फोटो हलला? लोकांच्या हातून हलतात, माझ्या नाही. चालत्या बैलगाडीत उभा राहून काढलेत मी, कधी हलला नाही. मी तिच्या हातातून मोबाइल घेतला. खरंच हलला होता. स्टूल, खिडकी, पोरगी, सगळंच पुसट. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"हात कापत होते तुमचे," भिंगरी म्हणाली. "मला दिसत होतं."

मी कॅमेरा आणायला उठलो. ती स्टुलावर जाऊन बसली, गाल खिडकीकडे केला. मी डोळा लावला, तर पुन्हा सगळं पुसटच. कॅमेऱ्यावरून हात फिरवला, काच पुसली, तरी तेच.

"बाबा, काच काय पुसताय," ती म्हणाली. तिचाही आवाज धड नव्हता. "आधी डोळे पुसा. मी कुठं जात नाही."